कार्ड घेण्याआधी डोंगर पाहा

मुंबईतला मावसभाऊ नवा कॉम्प्युटर घेतो आणि जुन्यातले टीव्ही ट्यूनर कार्ड कर्जतच्या भावाला देऊन टाकतो. परळला त्या कार्डावर टीव्ही झकास दिसत होता. कर्जतला बसवले की पडद्यावर नुसत्या मुंग्या, नाहीतर ‘नो सिग्नल’ची पाटी. ड्रायव्हर पुन्हा टाकून होतो, विंडोज नव्याने भरून होते, शेवटी ‘कार्ड गेले’ असा निकाल लागतो आणि ते माळ्यावरच्या खोक्यात पडते. नेरळपासून खोपोलीपर्यंत अशी खोकी पुष्कळ घरांत सापडतील, आणि त्यांतली बरीच कार्डे ठणठणीत असतील.

मग बिघडले काय? कार्डाची निवड गच्चीवर उभे राहून सुरू करावी लागते. आपल्या घरावर कोणत्या दिशेने, कोणत्या प्रकारची लहर पोहोचते हे एकदा कळले की बाजारातली बहुतेक कार्डे आपोआप बाद होतात आणि उरलेल्यांत फारसा गोंधळ राहत नाही. चहूबाजूंनी डोंगर असलेल्या कर्जत-खालापूरमध्ये तर हा प्रश्न टाळून पुढे जाताच येत नाही.

कार्डाच्या आत काय घडते

अँटेनाच्या किंवा केबलच्या वायरीतून एकच चॅनेल येत नाही, सगळी एकदम येतात. प्रत्येकाची कंपनसंख्या, म्हणजे लहर सेकंदाला किती वेळा वरखाली होते तो आकडा, वेगळी असते. भारतातल्या जुन्या अॅनालॉग पद्धतीत एक चॅनेल १७५.२५ मेगाहर्ट्झवर असे, त्याच्या शेजारचे १८२.२५ वर. या गर्दीतून हवे ते एक चॅनेल काढायचे आणि बाकीची अडवायची, हे ट्यूनरचे काम. जुन्या कार्डावर काडेपेटीएवढी पत्र्याची बंद डबी दिसते ना, तोच ट्यूनर.

चॅनेल गाळणारी चाळणी बारीक हवी, नाहीतर शेजारच्या चॅनेलचा आवाज आत शिरतो. पण इतकी बारीक चाळणी प्रत्येक कंपनसंख्येसाठी वेगळी बनवणे परवडत नाही. यावरचा तोडगा कर्जतकरांना रोज डोळ्यांसमोर दिसतो. बोरघाट चढायला मागून जोर लावणारी बँकर इंजिने कर्जतला उभी असतात. ती गाडीला शोधत दादर-ठाण्याला जात नाहीत, गाडीच कर्जतला येते आणि तिथे तिला बँकर लागतात. ट्यूनरसुद्धा प्रत्येक चॅनेलला एकाच ठरलेल्या जागी आणतो. आपल्याकडच्या पद्धतीत ती जागा ३८.९ मेगाहर्ट्झ. डबीतला एक छोटा जनित्र-भाग स्वतःची लहर तयार करतो. १७५.२५ चे चॅनेल हवे असेल तर तो २१४.१५ ची लहर काढतो. दोन्ही एकत्र मिसळल्या की त्यांच्यातल्या फरकाएवढी, बरोबर ३८.९ ची लहर हाती येते. शेजारचे चॅनेल हवे असेल तर जनित्र २२१.१५ वर जातो आणि फरक पुन्हा ३८.९. चाळणी एकच, जागच्या जागी.

पुढचे काम दुसऱ्या चिपचे. ब्रूकट्रीची बीटी ८७८ किंवा फिलिप्सची एसएए ७१३४ ही नावे ज्यांनी जुन्या कार्डांवर वाचली असतील त्यांना ती आठवतील. खोक्यावर पिनॅकल, अॅव्हरमीडिया, पिक्सेलव्ह्यू अशी वेगवेगळी नावे असली तरी आत अनेकदा याच चिपा असत. ही चिप चढउतार करणारी वीज मोजून त्या विजेचे आकडे करते आणि ते मदरबोर्डाच्या वाटेने मेमरीत टाकते. अॅनालॉग कार्डाचा जीव एवढाच. मुद्दा असा, की हे कार्ड फक्त अॅनालॉग लहरच ओळखते. डिजिटल लहर वायरीतून कितीही जोरात आली तरी त्याच्या लेखी तो निव्वळ गोंगाट असतो, आणि तो पडद्यावर मुंग्यांच्या रूपात दिसतो.

माथेरान आणि बोरघाट यांच्या मधोमध

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याचा मनोरा वरळीला, पुण्याकडचा सिंहगडावर. नकाशावर पाहिले तर कर्जत वरळीपासून सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर आणि सिंहगडापासून पंचाहत्तरच्या आसपास. अंतर फार नाही. पण पश्चिमेला माथेरान, प्रबळगड, इर्शाळगड हे डोंगर उभे आणि पूर्वेला सह्याद्रीची मुख्य भिंत. माथेरान आठशे मीटरच्या घरात आहे, म्हणजे वरळीच्या ३०० मीटर उंच मनोऱ्यापेक्षाही कितीतरी वर. दोन्ही मनोऱ्यांना कर्जत सरळ दिसत नाही. डोंगररांगेच्या पलीकडे, मोहोपाडा-रसायनीच्या बाजूला मुंबईकडचे आकाश मोकळे आहे. एकाच खालापूर तालुक्यात एका गावी स्वच्छ चित्र आणि दुसऱ्या गावी मुंग्या, याचे कारण हे.

लहर डोंगराच्या माथ्यावरून थोडी खाली वाकते, म्हणून सावलीत असलेल्या गावालाही काहीतरी मिळते. लहर जितकी लांब तितकी ती चांगली वाकते. व्हीएचएफच्या सगळ्यात खालच्या पट्ट्यात लहर चार ते सहा मीटर लांब असते. तिच्यासाठी अँटेनाचे दांडे माणसापेक्षा लांब लागत, पण डोंगराआडही ती थोडीफार पोहोचे. यूएचएफची लहर अर्ध्या मीटरच्या आसपास, तिला डोंगराची सावली जास्त गडद. हे पुढे कामाला येणार आहे.

सावलीपेक्षाही जास्त छळले ते दुहेरी चित्राने. वृत्तनिवेदकाच्या उजव्या हाताला त्याचीच फिकट सावली दिसायची आणि लोक अँटेना फिरवून दमायचे. ती सावली डोंगराची होती, आणि पट्टी घेऊन मोजता येण्याजोगी होती. लहर एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर जाते. चित्राची एक रेघ डावीकडून उजवीकडे रंगवायला सुमारे ५२ मायक्रोसेकंद लागतात. समजा एक लहर थेट आली आणि दुसरी डोंगरावर आपटून तीन किलोमीटर जास्त फिरून आली. तिला १० मायक्रोसेकंद उशीर झाला. तेवढ्यात रेघ जवळजवळ एक पंचमांश पुढे सरकलेली असते. ४० सेंटीमीटर रुंद पडद्यावर दुसरे चित्र उजवीकडे आठेक सेंटीमीटरवर उमटणार. उलटेही करता येते. सावली किती सेंटीमीटर दूर आहे ते मोजा, त्यावरून जास्तीचा प्रवास काढा. डोंगर अँटेनाच्या बरोबर पाठीमागे असेल तर त्याचे अंतर त्याच्या निम्मे. शाळेतल्या मुलांना लहरींचा वेग शिकवण्यासाठी याहून चांगला प्रयोग मला ठाऊक नाही, आणि अॅनालॉग टीव्हीबरोबर तो गेला याची मला मनापासून हळहळ वाटते.

कितीही भारी कार्ड ही सावली पुसू शकत नव्हते. उलट कॉम्प्युटरचा पडदा जवळून पाहिला जातो, त्यामुळे टीव्हीवर खपून जाणारा दोष तिथे डोळ्यांत भरायचा.

केबल आली, मग डिजिटल झाली

केबलवाल्याने हा प्रश्न सोडवला. त्याने उंच किंवा मोकळ्या जागी मोठ्या छत्र्या लावल्या, उपग्रहावरून चॅनेले उतरवली, ती अॅनालॉग करून वायरीतून घरोघर दिली. ट्यूनर कार्डांचा खरा बहराचा काळ तो. वायर सरळ कार्डात खोचली की काम झाले. ‘टीव्हीवर सत्तर चॅनेल आणि कार्डावर चाळीसच’ अशी तक्रार तेव्हा कानावर येई. दूरदर्शनने न वापरलेल्या मधल्या कंपनसंख्यांवरही केबलवाले चॅनेले भरत, आणि हायपरबँड नावाचा तो मधला पट्टा स्वस्तातल्या ट्यूनरना पकडता येत नसे.

मग २०११ च्या कायदादुरुस्तीने केबल डिजिटल करणे सक्तीचे झाले. मुंबईची मुदत ऑक्टोबर २०१२ अखेरची होती. बाकीचा देश टप्प्याटप्प्याने, मार्च २०१७ पर्यंत. डिजिटल केबलवरचा सिग्नल कुलूपबंद असतो आणि किल्ली सेट टॉप बॉक्समध्ये. खासगी डीटीएच कंपन्यांचेही तसेच. कार्ड कोणतेही आणा, ते कुलूप त्याला उघडत नाही. उघडून देतो म्हणणारा विक्रेता बेकायदा धंदा सांगत असतो. दूरदर्शनचे जमिनीवरचे अॅनालॉग मनोरेही, सीमाभागासारख्या मोजक्या ठिकाणचे सोडून, मार्च २०२२ पर्यंत बंद झाले. खोक्यातल्या कार्डाला आता पकडायला आकाशात काही उरलेले नाही.

दूरदर्शनने २०१६ मध्ये १६ शहरांत डीव्हीबी-टी२ हे डिजिटल प्रक्षेपण सुरू केले. त्यात मुंबई होती, औरंगाबादही होते. पण ते यूएचएफवर, म्हणजे डोंगराची सावली जास्त गडद असणाऱ्या लहरींवर. माथेरानच्या पूर्वेला राहणाऱ्याने त्याच्या भरवशावर पैसे घालू नयेत. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त यूएसबी ट्यूनर काड्या तर बहुधा जुन्या डीव्हीबी-टीच्या असतात आणि टी२ त्यांना समजत नाही. रेडिओ शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र अशी काडी जरूर द्यावी. आरटीएल २८३२ ही चिप असलेली काडी एफएमसह मोठा पट्टा कॉम्प्युटरच्या पडद्यावर लहरींच्या रूपात दाखवते, हे २०१२ च्या सुमारास हौशी लोकांनी शोधून काढले.

डोंगराच्या डोक्यावरून

उरला उपग्रह, आणि इथे कर्जत-खालापूरचा डोंगर आडवा येत नाही. दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली, आजची डीडी फ्री डिश. तिचा सिग्नल कुलूपबंद नाही असे समजूनच पुढचा हिशेब करायचा. ही सेवा ज्यावरून येते तो, नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला जीसॅट-१५ हा उपग्रह पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. कर्जतहून तो आग्नेयेला आणि क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर येतो.

आग्नेयेलाच तर बोरघाट! पण कोन बघा. घाटमाथा आपल्यापेक्षा सहाशे मीटर उंच आणि पाच किलोमीटर दूर असेल तर तो क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर दिसतो. अगदी कड्याखालच्या वाडीत, पाचशे मीटरचा कडा पाचशे मीटरवर असला तरी ४५ अंश. उपग्रह त्याच्याही वर. अडवतो तो अंगणातला फणस किंवा शेजारची नवी तीन मजली इमारत. म्हणून डिशसाठी जागा निवडताना आग्नेयेचे झाड पाच वर्षांनी केवढे होईल याचाही अंदाज घ्यावा.

खालापूर तालुक्यातल्या एन. डी. स्टुडिओत २००८ च्या सुमारास ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेचे चित्रीकरण झाले. उपग्रहाच्या वाटेने येणारी अशी मालिका चौक गावातल्या घरात पोहोचायला आकाशात बहात्तर हजार किलोमीटर फिरून येते, आणि स्टुडिओ असतो काही किलोमीटरवर.

डिशच्या तोंडाशी असलेल्या नळकांड्याला एलएनबी म्हणतात. उपग्रहाची लहर ११,००० मेगाहर्ट्झच्या आसपास असते. एवढी उंच कंपनसंख्या घरातल्या वायरीत टिकत नाही. म्हणून एलएनबी तिच्यात ९,७५० ची लहर मिसळतो आणि उरलेला १,२५० चा फरक खाली पाठवतो. ट्यूनरमधलाच उपाय, फक्त गच्चीवर केलेला. यासाठी एलएनबीला वीज लागते आणि ती त्याच वायरीतून वर जाते, १३ किंवा १८ व्होल्ट. कार्डाला ही वीज देता आली पाहिजे. १८ व्होल्टवर ०.२ अँपिअर म्हणजे ३.६ वॉट. साधा यूएसबी २ पोर्ट अडीच वॉट देतो. त्यामुळे उपग्रहाच्या यूएसबी ट्यूनरबरोबर वेगळा अॅडॅप्टर नसेल तर तो घेऊ नका.

पावसाळ्याचे वेगळे गणित आहे. ११,००० मेगाहर्ट्झची लहर पावणेतीन सेंटीमीटरची, आणि पावसाचे टपोरे थेंब तिला शोषतात व विखुरतात. लहर तिरकी येते. पाऊस पाचेक किलोमीटर उंचीवरून पडत असेल तर आपल्या डिशची नजर आग्नेयेकडच्या सुमारे तीन किलोमीटरच्या पट्ट्यातल्या पावसातून जाते. खोपोलीत अंगण कोरडे असताना घाटाच्या अंगाला ढगफुटीसारखा कोसळत असला की चित्र जाते ते यामुळे. अॅनालॉग चित्र हळूहळू मुंग्यांनी भरायचे. डिजिटल चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि मग एकदम चौकोन होऊन गोठते. यावर कार्डाचा उपाय नाही, डिशचा आहे. ६० सेंटीमीटरऐवजी ९० सेंटीमीटरची डिश लावली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होते आणि पुष्कळशा सरी निभावून जातात. या भागात मी कार्डावरचे पैसे वाचवून डिशवर घालायला सांगेन.

चौकट : दुकानात जाण्याआधी

खोक्यावर ‘डीव्हीबी-एस२’ असे, म्हणजे उपग्रहाच्या डिजिटल प्रक्षेपणाच्या पद्धतीचे नाव, लिहिलेले असावे. नुसते ‘अॅनालॉग’, ‘पाल’ (अॅनालॉगचीच पद्धत) किंवा ‘डीव्हीबी-टी’ असेल तर परत ठेवा. सेट टॉप बॉक्सचेच चित्र कॉम्प्युटरवर हवे असेल तर ट्यूनर नको, कॅप्चर कार्ड हवे. एचडीएमआयच्या वाटेवर नक्कल रोखणारे संरक्षण असते, त्यामुळे तिथे काळा पडदा येऊ शकतो. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची एव्ही वाट चालते, चित्र साधे मिळते. मदरबोर्डावर कोणता स्लॉट रिकामा आहे, पीसीआय की पीसीआय एक्सप्रेस, ते झाकण उघडून पाहून जा. आपल्या विंडोजसाठी ड्रायव्हर आहे का ते पैसे देण्याआधी तपासा.

रेकॉर्डिंग : जुन्यापेक्षा सोपे

ट्यूनर घेण्याचे आज सगळ्यात पटण्याजोगे कारण रेकॉर्डिंग. डीडी सह्याद्री तर आहेच, शिवाय २०१७ मध्ये सुरू झालेल्या स्वयंप्रभा या शैक्षणिक वाहिन्या आणि २०२० पासूनची पीएम ई-विद्याची ‘एक इयत्ता, एक वाहिनी’ योजना याच उपग्रहावर आहेत. कशेळे-खांडसकडच्या वाड्यांत, जिथे मोबाइलची रेंज डोंगराच्या मर्जीवर चालते, तिथे एक डिश आणि एक जुना कॉम्प्युटर यांवर शाळेला सकाळचा तास दुपारी दाखवता येतो, आणि डेटापॅक लागत नाही.

अॅनालॉगच्या दिवसांत रेकॉर्डिंग म्हणजे कॉम्प्युटरची परीक्षा असे. चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे, सेकंदाला २५, ठिपक्याला दोन बाइट. म्हणजे सेकंदाला सुमारे दोन कोटी सात लाख बाइट. एका तासाचे झाले ७५ जीबी, आणि त्या काळी अख्खी हार्ड डिस्क ४० जीबीची! त्यामुळे येणारे चित्र त्याच क्षणी दाबून लहान करावे लागे. हे काम कार्डावरची चिप करत नसेल तर प्रोसेसरवर पडे आणि चित्र अडखळे. ‘हार्डवेअर एन्कोडर’ असलेले कार्ड महाग असण्याचे कारण तेच.

डिजिटलमध्ये चित्र दूरदर्शननेच दाबून पाठवलेले असते. कार्ड आलेले आकडे जसेच्या तसे डिस्कवर लिहिते. सेकंदाला तीस लाख बिटचे चॅनेल असेल तर तासाला सव्वा ते दीड जीबी. दहा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर हे काम आरामात करतो, आणि मूळ प्रक्षेपणाच्या दर्जात काडीचीही घट होत नाही.

फ्री डिशवर काही चॅनेले जुन्या एमपीईजी-२ पद्धतीने आणि काही नव्या एमपीईजी-४ पद्धतीने दाबलेली आहेत. जुना सेट टॉप बॉक्स दुसऱ्या प्रकारची दाखवत नाही. कॉम्प्युटरवर चित्र उलगडण्याचे काम सॉफ्टवेअर करते, आणि व्हीएलसीसारखा फुकट प्लेअर दोन्ही उलगडतो. बॉक्स बदलावा लागतो तिथे कार्डवाल्याचे नुसत्या नव्या सॉफ्टवेअरवर भागते. एखादे चॅनेल बॉक्सवर दिसत नाही आणि कॉम्प्युटरवर दिसते, या कोड्याचे उत्तर हे.

जुने पीसीआय कार्ड हाताशी असेल तर आजच्या विंडोजसाठी ड्रायव्हर मिळणे मुश्कील. लिनक्समध्ये त्यांतल्या अनेक चिपांचे ड्रायव्हर अजून आहेत, तेव्हा त्याच्या एव्ही पिनांतून जुन्या व्हिडिओ कॅसेटवरचे लग्न-मुंजीचे चित्रीकरण कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. खोक्यातल्या कार्डाचा हा फार चांगला उपयोग आहे, आणि कॅसेटची फीत दर पावसाळ्याला बुरशीच्या आणखी जवळ जाते.

वायर, अर्थिंग आणि वीज

कार्ड म्हणजे गच्चीवरचे लोखंड आणि मदरबोर्ड यांना जोडणारा तांब्याचा रस्ता. अर्थिंग नसलेल्या प्लगवर कॉम्प्युटर चालवला की त्याच्या पत्र्यावर निम्म्या दाबाची वीज तरंगते आणि हाताला झिणझिण्या येतात. अशा वेळी डिशची वायर लावायला गेले की ठिणगी उडते, आणि कार्डाचा तोंडाकडचा भाग जळायला तेवढी पुरते. तीन पिनांचा प्लग आणि खरोखर जमिनीत गेलेली अर्थिंगची तार आधी, कार्ड नंतर.

मे अखेरचा वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस, या दोन वेळी घाटाच्या पायथ्याला विजा फार होतात. डिशचा खांब अर्थ करून घ्यावा. ढग भरून आले की, पहिला गडगडाट होण्याआधीच, कॉम्प्युटर बंद करावा, प्लग काढावा आणि मगच डिशच्या वायरीची पिन फिरवून सोडवावी. क्रम महत्त्वाचा आहे. कार्ड चालू असताना पिन काढली आणि मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली, तर एलएनबीसाठी निघालेले व्होल्ट तिथेच शॉर्ट होतात. सोडवलेली वायर सीपीयूच्या मागे लोंबकळत ठेवू नये. ती खिडकीबाहेर काढून भिंतीपासून दूर टांगावी, आणि गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये.